उघडण्यासाठी केलेली पडदी

मित्रांनो, सुताराच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली चार उंच झडपा भिंतीला टेकून उभ्या दिसतात ना, ती मी. रंग उडाला आहे, कडेला ओळीने भोकं पडली आहेत, आणि एका झडपेच्या खालच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी बुटाचा ठसा अजून आहे. शिकलेली माणसं मला पार्टिशन म्हणत, सुतारकाका पडदी म्हणत. मुलं मात्र मला काहीच म्हणत नसत, नुसती धरून ओढत. मला विचाराल तर मुलांचंच बरोबर होतं.

माझा जन्म दोन माणसांच्या हौसेतून झाला. एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ. छापखान्याच्या वरचा लांबलचक हॉल त्यांनी शिकवणीसाठी घेतला होता. बहीण लॅटिन शिकवायची, भाऊ गणित. बहिणीला सगळी मुलं बाई म्हणत, भावाला सर म्हणत. आणि बाई मात्र सरांना, त्यांचे केस पांढरे झाले तरी, बाबू म्हणत.

दोघं सुतारकाकांकडे आले तेव्हा मी अजून फळ्याच होते. पण लाकडाला ऐकू येतं, मित्रांनो.

"काका, अशी पडदी करा, की बंद केली तर याचे पाढे माझ्याकडे येऊ नयेत," बाई म्हणाल्या.

"आणि हिचं लॅटिन माझ्याकडे," सर म्हणाले.

"आणि उघडली तर?" काकांनी विचारलं.

"उघडली तर मध्ये काही होतं हे आठवूसुद्धा नये."

"म्हणजे भिंत नकोय तुम्हाला. दार हवंय."

"दारही नको हो. दाराला चौकट असते, उंबरठा असतो. आमच्या दोघांत एवढं सोवळं कशाला?"

काका हसले. त्यांनी मुरलेलं लाकूड निवडलं, रंधा मारून मारून मला तुळतुळीत केलं, आणि बिजागऱ्या बसवताना स्वतःशीच पुटपुटले, "हिला बंद करायला एक बोट पुरलं पाहिजे आणि उघडायलाही तेच." देवाने त्या हातांना कसब दिलं होतं. काम झाल्यावर त्यांनी माझ्यावरून हात फिरवला, जसा कुणी मुलीला सासरी धाडताना फिरवतो तसा.

हॉलला जिने दोन. रस्त्याकडून चढलं की सरांचा अर्धा भाग लागायचा, मागच्या अंगणातून चढलं की बाईंचा. मधोमध मी. सकाळी प्रार्थनेला मी पूर्ण उघडी असायची, कारण प्रार्थना दोन्ही वर्गांची एकच होती. बाई सूर धरत, सर अर्धा सूर खाली गात, आणि मुलं मधला कुठला तरी सूर पकडून चालू पडत. मग मला ओढून घेतलं जायचं, आणि अभ्यास सुरू.

आता बाईंच्या वर्गाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं दुःख तुम्हाला कळेल.

लॅटिन भाषा आता कुठल्याही घरात बोलली जात नाही. पण औषधांची, झाडांची, न्यायालयातली नावं त्या भाषेतून येतात, म्हणून काही मुलं ती शिकत. बाई एकदा म्हणाल्या, "या जुन्या लोकांना माणसं आणि वस्तू वेगळ्या करायचा फार नाद होता. आपण 'वेगळं केलं' म्हणून मोकळे होतो. यांच्याकडे त्यासाठी शब्दांची रांग लागली आहे. आणि प्रत्येक शब्द निराळा. कसा निराळा, ते पाठ करून कळणार नाही. उठा."

मुलं उठली आणि त्यांनी मला धरलं.

सेपारो, म्हणजे मी बाजूला करतो. माझी एक झडप बाजूला झाली. दिविदो, म्हणजे मी दोन भाग करतो. मी सर्र करून मधोमध गेले आणि हॉलचे दोन भाग झाले. सेकेर्नो, म्हणजे चाळणीने चाळल्यासारखं निवडून काढतो. तेव्हा मला वीतभर उघडी ठेवून बारीक मुलांनी फटीतून जायचं आणि जाड्यांनी अडकायचं, अशी गंमत व्हायची. सेग्रेगो, म्हणजे कळपातून एकाला अलग काढतो. "या शब्दाच्या पोटात मेंढरांचा कळप आहे," बाई सांगत, आणि अख्खा वर्ग बें बें करायचा.

सगळ्यांत लाडका शब्द एक्सक्लूदो. मी दार लावून घेतो आणि तुला बाहेर ठेवतो. यासाठी एकाला माझ्या पलीकडे, म्हणजे थेट गणिताच्या वर्गात ढकललं जायचं. पाठीमागे मी बंद. तिथे सर चष्म्यावरून बघत.

"आलात? आता आलाच आहात तर सतरा नव्वे सांगा."

ते पोर बिचारं घाईघाईने माझ्यावर टकटक करायचं. आतून सगळे ओरडत, "क्विस एस्त फोरिस?" बाहेर कोण आहे? बाहेरचा सांगायचा, "एगो!" मी! आणि मग दहा हात मला लागत, आणि मी उघडायची.

बाईंचा नियम असा, की बाहेरचा आत येऊन बसल्याशिवाय फळा पुसायचा नाही. "बंद करायचे शब्द शिकलात," त्या म्हणत, "पण जो बाहेर राहिला त्याला आत घेतल्याशिवाय धडा संपला असं मी म्हणणार नाही. देवानेसुद्धा दिवस वेगळा केला, रात्र वेगळी केली, पण संध्याकाळ दोघांच्या मालकीची ठेवली."

असं वर्षानुवर्षं चाललं. माझी तेव्हा केवढी वाहवा होई. पालक येऊन माझ्या बिजागऱ्या बघत. सुतारकाका अधूनमधून तेलाची कुपी घेऊन येत आणि मला एका बोटाने ढकलून बघत. मी सुखात होते. मधे उभं राहूनही कुणाच्या मधे न येणं, हे भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं?

कधी कधी बाईंच्या बाजूला हशा पिकला की सर पलीकडून येऊन माझ्यावर तळहात टेकून उभे राहायचे. बराच वेळ. मला वाटायचं, यांनाही हसू येतंय, वर्गापुढे दाबून ठेवताहेत. माणसाच्या तळहातावरून मन ओळखता येत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग बाईंची मावशी आजारी पडली. दोघा भावंडांना तिनेच वाढवलं होतं. ती दूरच्या गावी राहायची. बाई पिशवी भरून निघाल्या आणि जाताना माझ्या शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "बाबू, माझी मुलं तुझ्याकडे. पडदी उघडीच ठेव, म्हणजे त्यांना परकं वाटणार नाही."

"ठेवतो ना, ताई. तू इकडची काळजी करू नकोस. मावशीला जप."

ठेवली उघडी. काही दिवस. मग बाईंच्या बाजूचे बाक एकेक करून सरांच्या बाजूला आले. मग फळा आला. मग सर मुलांना म्हणाले, "आता सगळे एकाच विषयाकडे लक्ष देऊ या," आणि लॅटिनची पुस्तकं कपाटात गेली. मी म्हटलं, बाई येतील तोवरची सोय असेल. मित्रांनो, आपल्या माणसावर संशय घ्यायला मन धजत नाही. लाकडाचंही नाही.

एका सुट्टीच्या दिवशी सुतारकाका आले. मला वाटलं, तेल घालायला आले. त्यांच्या हातात मात्र पेचकस होता आणि लांब स्क्रूंची पुडी.

"कायमची बंद करायची म्हणता?" काका माझ्यावर हात ठेवून विचारत होते. "पण बाईंचं काय?"

"ताई आता मावशीकडेच राहणार आहे. तिनेच कळवलं, पडदी पक्की करून घे म्हणून. वारा येतो हो फटींतून, मुलं खोकतात."

"बाईंनीच सांगितलं?"

"तिनेच. मी माझ्या मनाने करेन का असं काही?"

काकांनी मान डोलावली. मित्रांनो, त्यांचा दोष नाही. सख्खा भाऊ बहिणीचं नाव घेऊन बोलतो, तेव्हा सुताराने कुठे जाऊन खात्री करायची? पण ज्या हातांनी मला वळायला शिकवलं, त्याच हातांनी माझ्या एकेका झडपेला स्क्रू मारले. स्क्रू लांब होते. माझ्यातून आरपार जाऊन त्यांची टोकं बाईंच्या बाजूला बाहेर आली. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मी माझ्या पाठीत अनुभवलं. काका जाताना म्हणाले, "मजबूत झाली." मजबूत! मला कुणी मजबूत केलं नव्हतं, मला मुकं केलं होतं.

मावशी बरी झाली आणि बाई परतल्या. नेहमीसारख्या अंगणातून मागचा जिना चढल्या, किल्लीने आपलं दार उघडलं, आणि उभ्याच राहिल्या. त्यांच्या बाजूला एक खुर्ची तेवढी होती. बाकी जमीन. जिथे फळा होता तिथे भिंतीवर त्याचा फिकट चौकोन.

पलीकडून मुलांचा आवाज येत होता. बाईंनी मला एक बोट लावलं. मी हलले नाही. त्यांनी हात लावला. मी हलले नाही.

आणि त्या हसल्या. मित्रांनो, त्या हसण्याने माझं काळीज फाटलं. त्यांना वाटलं, मुलांनी खेळ मांडलाय. बाई येणार हे कळलंय, म्हणून बाईंनाच एक्सक्लूदो केलंय. त्यांनी पिशवी खुर्चीवर ठेवली, पदर सारखा केला आणि अगदी नियमाप्रमाणे माझ्यावर टकटक केली.

पलीकडे एकदम शांतता. मग कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "क्विस एस्त फोरिस?"

"एगो," बाई म्हणाल्या.

काय गलका झाला म्हणून सांगू! "बाई! बाई आल्या!" दहा हात माझ्यावर पडले. ओढताहेत, ढकलताहेत, कुणी खालून बुटाने रेटतंय. मी सगळा जीव एकवटला. स्क्रू तसूभर हलले नाहीत.

"बाई, उघडत नाहीये," एक मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली.

"अगं, जोर लाव. तुझ्या बाजूने ओढ," इकडून बाई सांगत होत्या. सांगता सांगता त्यांचा हात वरून खाली फिरला आणि स्क्रूच्या टोकावर आला. बोटाला रक्त आलं. त्यांनी ते टोक बघितलं. मग दुसरं. मग ओळीने सगळी. आणि त्यांचं हसू मावळलं.

"जागेवर बसा सगळे," पलीकडून सर म्हणाले.

सर रस्त्याकडचा जिना उतरून, अख्ख्या इमारतीला वळसा घालून मागच्या जिन्याने वर आले. एवढी वर्षं दोन पावलांवर असलेली बहीण, तिच्यापर्यंत पोचायला त्यांना धाप लागली.

"ताई, तुला जरा आराम मिळावा म्हणून..."

"मी मागितला होता का आराम?"

"पालक म्हणतात, लॅटिन कशाला आता."

"कोणते पालक? की तूच?"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मला विचारलं का नाहीस, बाबू?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारायचं नाही?"

सर खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्षं पलीकडे मुलं हसायची, ताई. माझ्याकडे कधी कोणी हसलं नाही. मी नुसता भिंतीपलीकडून ऐकायचो. सतरा नव्वे विचारायचो, तेवढीच माझी गंमत. ती पोरंसुद्धा माझ्याकडे शिक्षा म्हणून यायची."

त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. "हे मला आधी सांगितलं असतंस तर वर्ग बदलून घेतला असता रे," त्या म्हणाल्या. "बरं. तुला माझा वर्ग नको असेल तर नको. पण मुलांना तू सांग. तुझ्या तोंडाने, माझ्यासमोर. ही उघड, आणि सांग, की मी बंद केला. मग मी निमूट जाते."

"उद्या सांगतो. शप्पथ. उद्या प्रार्थनेनंतर उघडतो आणि सांगतो."

त्याच दुपारी सुतारकाका धावत आले. बाई परतल्याचं छापखान्यात कळलं होतं. दारातूनच हात जोडून म्हणाले, "बाई, माझ्या हातून पाप झालं. मला म्हणाले, तुम्हीच सांगितलंय."

"तुमच्या हातून नाही झालं, काका. तुम्ही माझ्या नावावर विश्वास ठेवलात."

"हिच्या बिजागऱ्यांच्या खिळी तुमच्या बाजूला आहेत. आत्ता उपटतो. घटकाभरात हॉल मोकळा."

मी आशेने थरथरले. पण बाई म्हणाल्या, "नको. मला आत यायचंय, काका, घुसायचं नाहीये. उद्या बाबू उघडणार आहे. शब्द दिलाय त्याने."

दुसऱ्या दिवशी बाई ठेवणीतली साडी नेसून आल्या. माझ्याजवळ उभ्या राहिल्या. पलीकडे प्रार्थना सुरू झाली. बाईंनी इकडून हलकेच सूर धरला, इतका हलका की मलाच तेवढा ऐकू आला. प्रार्थना संपली. आता पेचकस येईल, म्हणून मी कान टवकारले.

सर माझ्याकडे आले. पण तोंड मुलांकडे. त्यांनी माझ्यावर पाठ टेकली. आणि म्हणाले, "मुलांनो, बाईंनी शिकवणं सोडलंय. त्या आता येणार नाहीत."

माझ्या एका अंगाला त्यांची पाठ होती. दुसऱ्या अंगाला, अगदी त्याच जागी, बाईंचं कपाळ टेकलेलं होतं. मध्ये मी. दोन बोटं जाडीचं लाकूड.

"सर," कालची मुलगी म्हणाली, "पण बाई पलीकडेच आहेत. आत्ता गात होत्या."

"पलीकडे कोणी नाही," सर म्हणाले. "वह्या काढा."

बाईंनी कपाळ उचललं. त्यांनी हाक मारली नाही, टकटकही केली नाही. किल्ली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि चप्पल हातात घेऊन, आवाज न करता जिना उतरल्या. त्यांना जिवंतपणी 'नाही' म्हटलं गेलं होतं, आणि तरी त्या भावाचा शब्द खोटा पडू नये म्हणून पाय न वाजवता गेल्या. देवा, तू हे बघितलंस की नाही, ठाऊक नाही. मी बघितलं.

पुढचं थोडक्यात सांगते. सरांचं गणित चांगलं होतं. पण मुलं बाईंच्या घरी जाऊन आली आणि त्यांना खरं कळलं. ज्याने एकदा खोटं सांगितलं, त्याचं बरोबर उत्तरसुद्धा मुलं पुन्हा तपासून बघतात. हळूहळू बाक रिकामे होत गेले. प्रार्थनेला एकट्या सरांचा सूर उरला, तोही अर्धा, खालचा.

माझी तर कुणी विचारपूसही केली नाही. तेल नाही, फडकं नाही. छापखान्याची दमट वाफ खालून येऊन माझ्या झडपा फुगल्या.

एके दिवशी सरांनी स्वतः पेचकस आणला. एकटेच होते. दोन्ही हातांनी जोर लावत होते. पण गंजलेल्या स्क्रूंच्या डोक्यावरच्या खाचा झिजून गेल्या, पेचकस सटकत राहिला. शेवटी त्यांनी काकांना बोलावणं धाडलं. काका आले, त्यांनी पलीकडे जाऊन बिजागऱ्यांच्या खिळी काढल्या, मग एकेक स्क्रू तोडला. मी सुटले, पण घडी होईना. सगळी अंगं आखडली होती. काकांनी मला झडप झडप करून उतरवलं.

पलीकडची खुर्ची धुळीने माखली होती. सर तिच्याकडे बघत म्हणाले, "काका, ताईला सांगता का? उघडलं म्हणून."

"तुम्हीच सांगा, सर," काका म्हणाले. "बाईंच्या नावाने तुम्ही दिलेला निरोप मी एकदा ऐकलाय."

सर गेले. काय झालं ते मला काकांकडून कळलं. रंधा मारता मारता ते आपल्या बायकोला सांगत होते. बाईंनी भावाला घरात घेतलं, चहा दिला, तब्येत विचारली. सर रडले. म्हणाले, चल ताई, तुझी अर्धी बाजू रिकामी आहे, सगळाच हॉल घे. बाई म्हणाल्या, "तू वर्ग बंद केलास, ते मी विसरेन रे. तुला वाईट वाटत होतं, ते मला कळलं नाही, यात माझंही चुकलं. पण मी पलीकडे उभी आहे हे माहीत असून तू 'कोणी नाही' म्हणालास. तिथे आले तर मला रोज तेच ऐकू येईल. तू इथे येत जा. मी तिथे येणार नाही."

सर येतात म्हणे अधूनमधून. बाईंच्या पुढच्या खोलीत चार मुलं शिकतात, सर दाराशी बसून ऐकतात. काकांनी बाईंना विचारलं होतं, पडदी दुरुस्त करून आणून देऊ का. त्या म्हणाल्या, "नको हो. एवढ्याशा खोलीत मी कुणाला वेगळं करू?"

म्हणून मी इथे आहे. माझं काय करायचं ते काकांनी अजून ठरवलेलं नाही. मी कुणावर रुसलेली नाही. पण फसवली गेले, हे मात्र अंगातून जात नाही. पाऊस पडला की भोकांतून वारा शीळ घालतो आणि मला सरांचं ते 'पलीकडे कोणी नाही' आठवतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कधीतरी तुम्हालाही कुणालातरी दूर करावंसं वाटेल. मित्राला, भावंडाला, सोबत काम करणाऱ्याला. त्या माणसाला समोर बसवा. त्याच्या डोळ्यांत बघा आणि आपल्या तोंडाने सांगा. त्याला राग येईल, रडू येईल, कदाचित तुमचंच मन बदलेल. पण हे काम कुठल्या दाराकडून, कुठल्या कुलपाकडून करून घेऊ नका. आम्ही लाकडं. आम्हाला नाही म्हणता येत नाही.